बाण सुटत नव्हता, कारण मी मागे उभा होतो

(बुलढाणा जिल्ह्यातल्या एका पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मुलं, खेळ आणि पालक’. मी काही क्रीडा शिक्षक नाही. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत गणित शिकवतो. खेळातलं मला जे कळतं ते एका तिरंदाज पोराचा बाप म्हणून कळतं, आणि तेही उशिरा कळलं. म्हणून आज मी उपदेश करणार नाही. माझ्या घरात काय झालं ते सांगतो. तुमच्या घरात तसं काही चालू असेल तर तुमचं तुम्हाला कळेल.

मे २०२३ ची गोष्ट तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सोनं घेऊन आला. अंतिम सामन्यात समोर माईक श्लोसर, जगातला एक नंबर. १५ बाण, १५० पैकी गुण. प्रथमेशचे १४९, त्याचे १४८. पोरगा अवघ्या १९ वर्षांचा. त्याच वर्षी पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे, अभिषेक वर्मा आणि प्रथमेश यांनी सांघिक सुवर्ण जिंकलं. त्याआधी ऑगस्टमध्ये बर्लिनला ओजस आणि साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी जगज्जेते झाले होते. नागपूर, सातारा, बुलढाणा. मुंबई-पुण्याच्या बाहेरची पोरं. आपल्या जिल्ह्यात हे आभाळातून पडलं नाही. पोलीस दलातले चंद्रकांत इलग यांच्यासारख्या माणसाने नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं इथे पोरं घडवली, मोनाली जाधवसारखी पोलीस कर्मचारी जागतिक पोलीस स्पर्धेतून पदकं घेऊन आली. त्याचं ते फळ होतं.

पण आम्हा बापांना ती वर्षं दिसली नाहीत. आम्हाला दिसली मिरवणूक.

माझा मुलगा तेव्हा आठवीत जाणार होता. गलोल चांगली चालवायचा, एवढंच त्याचं क्रीडाकौशल्य. मी त्याला विचारलं, ‘तीरंदाजी सीखेगा?’ तो हो म्हणाला. तेराव्या वर्षी पोरगं कशालाही हो म्हणतं. चिखलीहून बुलढाण्याला रोज शाळा सुटली की मोटारसायकलवर मी त्याला घेऊन जायचो. सुरुवातीला इंडियन राउंडचं साधं धनुष्य होतं, काही हजारांचं. ३० मीटर, ५० मीटर. पहिल्या वर्षी पोरगं खूश होतं. परतताना मागे बसून गाणी म्हणायचं. घाटावरची हवा, हिवाळ्यात दोघांनी एकच शाल गुंडाळलेली. खरं सांगतो, ते वर्ष आम्हा बापलेकांचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं.

मग जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत त्याचा नंबर आला आणि माझं डोकं फिरलं.

मी हिशोब मांडायला बसलो. गणिताचाच माणूस मी. दहावीला खेळाचे वाढीव गुण, जास्तीत जास्त २५. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण. म्हणजे पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, कुठेतरी चिकटेल. आपल्या मोहल्ल्यात पदवी घेऊन मोबाईलच्या दुकानात बसलेली पोरं मी रोज बघतो. मला वाटलं, हाच रस्ता आहे. बायकोच्या बांगड्या मोडल्या, पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि कंपाउंड धनुष्य घेतलं. धनुष्य, साईट, रिलीज, बाण असं सगळं मिळून दोन लाखांच्या पुढे गेलं. एकेक बाण हजाराच्या घरात. बाण हरवला की मी गवतात गुडघ्यावर बसून शोधायचो आणि पोरगं बाजूला मान खाली घालून उभं असायचं.

तिथून परतीची गाणी बंद झाली. मी विचारायचो, ‘आज दहा किती? नऊ किती? आठ का गेले?’ रात्री वहीत लिहून ठेवायचो. आलेख काढायचो. बायको एकदा म्हणाली, ‘बच्चा है वो, लॉटरी का टिकट नहीं.’ मी तिलाच सुनावलं की तुला जगातलं काय कळतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. तिरंदाजीत ‘टार्गेट पॅनिक’ नावाचा प्रकार असतो. धनुष्य ओढलं, नेम धरला, पण हात पिवळ्या वर्तुळाच्या खालीच अडकतो, वर जात नाही. किंवा उलटं होतं. पिवळा दिसला रे दिसला की बोट स्वतःहून रिलीज दाबतं. खेळाडूला कळतं की चूक होतेय, पण हात ऐकत नाही. ताकद कमी पडलेली नसते, तंत्रही विसरलेलं नसतं. चुकण्याची भीती हातात उतरलेली असते. मोठमोठ्या तिरंदाजांना हे झालेलं आहे. त्यावरचा एक उपायही गमतीचा आहे. टार्गेटचा कागदच काढून टाकतात. चार-पाच पावलांवरून कोऱ्या फोमवर बाण मारायचे, दिवसेंदिवस. गुण नाहीत, वर्तुळ नाही. हाताला पुन्हा शिकवायचं की बाण सोडणं म्हणजे नुसतं बाण सोडणं.

माझ्या मुलाला ते झालं होतं आणि मी त्याला आळशी म्हणत होतो.

विभागाच्या स्पर्धेला मी त्याच्या मागे, दोरीच्या बाहेर, उभा होतो. हातात वही. पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. मग एका फेरीत तो ओढायचा, थरथरायचा, उतरवायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा उतरवायचा. घड्याळ संपलं. एक बाण सुटलाच नाही. न सुटलेल्या बाणाचे गुण शून्य. त्याने मागे वळून पाहिलं. इतर पोरं अशा वेळी प्रशिक्षकाकडे बघतात, हा माझ्याकडे बघत होता.

मी त्याला मारलं नाही. मी यापेक्षा वाईट केलं. अकोल्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. अकोल्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तोच बोलला. म्हणाला, ‘अब्बू, बंगड़ियों के कितने पैसे थे?’

मी आकडा सांगितला. बघा, त्या वेळीसुद्धा मी आकडाच सांगितला.

नंतर प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही पंधरा दिवस गेटच्या बाहेर थांबा. मला एक बघायचंय.’ मी बाहेर चहाच्या टपरीवर बसायला लागलो. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी मला खुणेने बोलावून भिंतीच्या आडून दाखवलं. पोरगं हसत होतं, शेजारच्याशी काहीतरी बोलत होतं आणि बाण सुटत होते. मी दोन पावलं पुढे आलो, त्याने मला पाहिलं. पुढचा बाण ओढून त्याने उतरवून ठेवला.

मित्रहो, हे सांगायला मला लाज वाटते. पण मोहल्ल्यात चार बापांना सांगितलं तर तिघं म्हणाले, ‘सर, आमच्याकडे पण असंच आहे.’ एकाची मुलगी कबड्डी खेळते, एकाचा मुलगा क्रिकेटच्या अकादमीत आहे, एकाचं पोरगं सैन्यभरतीसाठी पहाटे चारला रस्त्यावर धावतं.

आता मोठ्या नावांकडे बघू. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, वय १५. सगळ्या जगात बातमी झाली. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे काय झालं? धावा आटल्या. प्रत्येक डावाकडे लोक हजारच्या नजरेनं बघणार, तर पोरगं खेळणार कसं? मग त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून सांगितलं की शिष्यवृत्ती थांबवा. घरात पैशाची गरज असताना आलेला पैसा बापाने परत केला. त्या १००९ धावांपेक्षा मला ते पत्र मोठं वाटतं. मी बांगड्यांचा आकडा सांगत होतो, त्या माणसाने मुलाच्या खांद्यावरून आकडा उतरवला.

आपल्यातलं उदाहरण सरफराज खानचं. २००९ मध्ये १२ वर्षांचा असताना हॅरिस शिल्डमध्ये ४३९ धावा. पाठोपाठ वयाचा वाद, हाडांची चाचणी, संशय, आणि पुढच्या चाचणीत तो खरा ठरला. त्या वयाच्या पोराने हे सगळं अंगावर घेतलं. वडील नौशाद खान हेच त्याचे प्रशिक्षक. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला त्याला कसोटीची टोपी मिळाली तेव्हा वडील ती टोपी ओठांना लावून रडत होते. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्ड केला असेल. मीही केला. माझ्या मुलाला दाखवला, म्हणालो, ‘देख, बाप की मेहनत.’ आता वाटतं, त्या व्हिडिओत मला फक्त बाप दिसला. मधली १५ वर्षं दिसली नाहीत. आणि ज्यांना टोपी मिळाली नाही त्या हजारो पोरांचा तर व्हिडिओच नसतो.

इथे एक गोष्ट आपल्या समाजाबद्दल बोलायला हवी, आणि ती आपसातच बोलायला हवी. आपलं पोरगं मैदानात उतरतं तेव्हा ते एकटं उतरत नाही. आपण त्याच्या पाठीवर पूर्ण कौम बसवतो. ‘दिखा दे उनको.’ कुणाला दाखवायचं? आपण देशावर प्रेम करतो हे एका नववीतल्या पोराने बाण मारून सिद्ध करायचं का? २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून १० गडी राखून हरला. ११ जण हरले, शिव्या मोहम्मद शमीला पडल्या, त्याच्या धर्मावरून पडल्या. विराट कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्या रात्री माझ्या घरात माझ्या शेजारी बसून माझं ११ वर्षांचं पोरगं मोबाईलवर ते सगळं वाचत होतं. जिंकलास तर देशाचा, हरलास तर त्यांचा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बाहेरच्यांनी हा तराजू लावला हे खरंच. पण घरात तोच तराजू आपणही लावला, हेही खरं.

मुलींचं तर विचारूच नका. तेलंगणातल्या निजामाबादची निखत जरीन बॉक्सिंग शिकायला लागली तेव्हा लोक तिच्या वडिलांना म्हणायचे, मुलीला हाफपँट घालू देऊ नका. वडील ठाम राहिले. २०२२ आणि २०२३ मध्ये ती जगज्जेती झाली, तेव्हा तेच लोक हार घेऊन आले. २०२४ मध्ये पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच हरली आणि रडली. हार घेऊन येणाऱ्यांपैकी कितीजण तेव्हा तिच्या दारात गेले असतील? आपल्या शाळांमधून मुलगी सातवीनंतर मैदानावरून गायब होते. जी उरते तिला आपण सांगतो, ‘खेळायचंच असेल तर पदक आण, नाहीतर लोक काय म्हणतील.’ मुलाला नुसतं खेळायची मुभा आहे. मुलीला जिंकली तरच खेळायची मुभा. यापेक्षा मोठा दबाव कोणता?

कुणीतरी मनात म्हणत असेल, ‘सर, आमच्या शाळेला मैदानच नाही, तुम्ही दबावाच्या गोष्टी कसल्या करता?’ बरोबर आहे. आमच्याच शाळेचं मैदान म्हणजे दोन वर्गांमधली गल्ली. जिल्ह्यातल्या बहुतेक पोरांना खेळाचा दबाव नाही, त्यांना खेळच नाही. पण मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. खेळ कमी, जागा कमी, नोकऱ्या कमी, म्हणून जे एखादं पोरगं चार बाण बरे मारतं त्याच्यावर सगळे तुटून पडतात. शंभर पोरं खेळत असती तर एकावर एवढं ओझं आलंच नसतं. आणि प्रमाणपत्र हाच खेळाचा अर्थ झाला की पुढचा रस्ता सरळ खोट्याकडे जातो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं या राज्यात गाजलीच आहेत. जन्मदाखल्यात वर्ष-दोन वर्षं खाली करणारे बाप मी स्वतः बघितलेत. स्पर्धेच्या ठिकाणी मिसरूड फुटलेलं पोरगं १४ वर्षांखालच्या रांगेत उभं असतं आणि त्याला स्वतःलाच कुठे बघावं ते कळत नाही.

नॉर्वे नावाचा देश आहे. लोकसंख्या साधारण ५५ लाख. आपला बुलढाणा जिल्हा २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाखांचा होता, म्हणजे दोन बुलढाण्यांएवढा देश. तिथे मुलांच्या खेळातल्या हक्कांचा नियमच आहे, १९८७ पासून. बारा वर्षांपर्यंत राष्ट्रीय स्पर्धा नाही. अगदी लहान पोरांच्या स्पर्धेत क्रमांकच लावत नाहीत. कोणता खेळ खेळायचा, किती खेळायचा, हे ठरवण्यात मुलाचं म्हणणं धरायचं. आपण म्हणू, असल्या लाडाने पोरं वाया जातील. तर २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये या देशाने १६ सुवर्णपदकं घेतली, सगळ्या जगात जास्त. तिथे पैसा आहे, बर्फ आहे, मैदानं आहेत, हे मान्य. पण क्रमांक न लावायला पैसा लागत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलं की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पोराला एकाच खेळात जुंपू नका, आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी द्या, वर्षातून एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून मोकळं सोडा. कोवळे सांधे एकसारख्या हालचालीने झिजतात आणि मनही विटतं. माझ्या मुलाला मी दीड वर्षात ईदचे दोन दिवस सुट्टी दिली होती. रमजानमध्ये रोजा ठेवून सराव करायला लावला आणि चार लोकांत अभिमानाने सांगितलं. आई म्हणत होती, ‘रोजा रखेगा या तीर मारेगा, एक बोलो.’ तिचंही ऐकलं नाही.

मग मी काय केलं? फार काही नाही. वही बंद केली. फाडली नाही, कपाटात आहे. घरी येताना गुण विचारणं बंद केलं. पहिले काही दिवस गाडीवर बोलायला काही सुचायचंच नाही, कारण दीड वर्षात आम्ही दुसरं काही बोललोच नव्हतो. मग एके दिवशी तो स्वतःहून म्हणाला की शेजारच्या गावचं एक पोरगं येतं, त्याच्या डब्यात रोज ठेचा असतो आणि त्याला तो फार आवडतो. घरी येऊन बायकोने त्या रात्री ठेचा केला. तेवढंच.

दुसरं, मी मुलाची माफी मागितली. आपल्याकडे बाप माफी मागत नाही. मला दोन आठवडे लागले. मी म्हणालो, बांगड्या मी मोडल्या, तू नाही. कर्ज माझं आहे, तुझ्या बाणाने ते फिटणार नाही आणि फिटू नये. तो काही बोलला नाही, पाणी प्यायला उठून गेला.

तिसरं शाळेत केलं. आमच्या गल्लीवजा मैदानात शनिवारी सगळे वर्ग खेळतात, मुलीसुद्धा. लंगडी, खो-खो, रिंग. निकाल लिहून ठेवत नाही. एका पालकाने तक्रार केली की यातून प्रमाणपत्र काय मिळणार. मी म्हणालो, काही नाही. ते नाराज आहेत अजून.

इथे समोर बसलेल्या प्रशिक्षक बांधवांना एक विनंती. पालकांना दोरीच्या मागे ठेवा, आणि गरज पडली तर गेटच्या मागे. आमची फी तुम्हाला लागते हे माहीत आहे, म्हणून तुम्ही बोलायला कचरता. माझ्या मुलाच्या प्रशिक्षकांनी बोलायची हिंमत केली नसती तर मी आजही वही घेऊन उभा असतो. आणि जे प्रशिक्षक स्वतःच हात उचलतात त्यांच्याकडे पोरगं पाठवू नका, त्यांच्या भिंतीवर कितीही पदकं टांगलेली असोत.

शेवटी मुलाचं सांगतो, कारण खाली उतरल्यावर तुम्ही तेच विचारणार. तो यंदा दहावीला आहे. आठवड्यातून दोनदा जातो, एसटीने, एकटा. मोठं धनुष्य पेटीत बंद आहे, कपाटावर. कर्जाचे आठ हप्ते बाकी आहेत. तिथे तो जुनं इंडियन राउंडचं धनुष्य चालवतो आणि नव्याने आलेल्या छोट्या पोरांना बाण कसा धरायचा ते दाखवतो. मागच्या महिन्यात मी विचारलं, ‘बड़ा वाला बेच दूँ क्या?’ तो म्हणाला, ‘अभी मत बेचो. दसवीं के बाद सोच के बताता.’ त्यानंतर मी विचारलेलं नाही.